गुडघ्यावरची थाप

बा,

तू, मी आणि नदीकाठची आपली अख्खी वस्ती, आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच होतं. पाऊस लागला की आपण कोंडले जायचो. पुढे वर्धा नदी, मागे फुगलेला नाला, आणि वणीचा रस्ता चिखलात बुडालेला. बाजार, दवाखाना, मोटारीची सडक, सगळं नदीपलीकडे. आणि तिकडून परत आणणाऱ्या जुन्या डोंग्यात आपल्या माणसांची पाळी शेवटी. आधी गावातले लोक, मग त्यांची पोती, मग त्यांच्या बकऱ्या. अंधार पडला की नावाडी वल्हं आत ओढायचा आणि म्हणायचा, आता उद्या. आई मला पोटाशी धरून एक अख्खी रात्र पलीकडच्या काठावरच्या वाळूत बसली होती, आणि समोर आपल्या घरातला दिवा तिला दिसत होता. हे तू मला सांगितलंस, आईने कधीच नाही. मी पुढे जन्मभर सभांमधून बोलले, पुष्कळ वाचलं, पुष्कळांशी भांडले. पण माझ्या प्रत्येक भाषणाच्या तळाशी ती वाळू आहे.

आपण धम्म घेतला त्यानंतर दोनतीन वर्षांत ठेकेदाराने डोंग्याला डिझेलचं इंजिन बसवलं. इंजिनाचा माणूस हवा म्हणून त्याने तुला वणीच्या कापसाच्या जिनातून बोलावून घेतलं. गावात कुजबुज झाली, पण इंजिन दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हतं. पहिल्याच दिवशी तू पाय रोवून सांगितलंस, "आता वाळूत कोनी राह्यणार नाई. शेवटची मोटार येईस्तोवर डोंगा थांबन." ठेकेदाराला भाडं मिळत होतं, त्याने मान हलवली. रात्रीची फेरी तू स्वतःच्या तोंडाने मागून घेतलीस, बा. तुझ्यावर ती कुणी लादली नव्हती. म्हणूनच ती तुला टाकता येईना.

त्या पावसाळ्यात मी स्वयंपाकघरात एक गोष्ट पाहिली. दिवेलागणीनंतर आई तुझं ताट ठेवायची, तेव्हा भाकर नेहमी एकाच अंगाला, पाण्याचा लोटा नेहमी दुसऱ्या. एकदा मी लोटा चुकून इकडे ठेवला आणि तुझा हात सरळ त्यावर आदळला. पाणी चुलीपर्यंत गेलं. आईने लोटा उचलून पुन्हा त्याच्या जागी ठेवला. मग तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "उद्यापासून संध्याकाळी माह्या संग चाल."

"कायले?"

"डोंगा शिकाले."

मला हुरूप आला होता. इंजिन शिकणारी मुलगी सगळ्या तालुक्यात नव्हती. तुझे डोळे संध्याकाळनंतर जातात, हे मला डोंग्यात बसल्यावर कळलं. सुकाणू तुझ्या हातात, मी तुझ्यापुढे फळीवर. मी तुझ्या डाव्या गुडघ्यावर थाप दिली की डोंगा डावीकडे, उजव्यावर दिली की उजवीकडे, दोन्हीवर दिली की इंजिन हळू. मागे बसलेल्यांना वाटायचं, पोरगी बापाला बिलगून बसली आहे.

तू शिकवलंस ते आजही जसंच्या तसं आठवतं. डोंग्यात कंदील लावायचा नाही, समोरच्या अंगाला बिडीसुद्धा पेटवू द्यायची नाही, कारण जवळच्या उजेडाने लांबचं पाणी विझतं. उजेड जवळ वाटतो, पण काठ तेवढा जवळ नसतो. शंका आली की डोंग्याचं तोंड धारेकडे करायचं, इंजिन इतकंच चालू ठेवायचं की डोंगा जागचा हलणार नाही, मग विचार करायचा. आणि आपल्या घाटापुढे खडकांच्या रांगेत जी एकच फट होती, जिला सगळे दार म्हणत, तिच्यात शिरताना फक्त दोन कंदील पाहायचे. एक आई घाटावर खाली ठेवायची, दुसरा वर टेकाडावरच्या बाभळीला टांगायची. खालचा वरच्याच्या बरोबर खाली आला की तुम्ही दाराच्या रेघेत. सरकला की खडक. एकदा मी रेघ सोडून काठावरच्या माणसांकडे पाहिलं, तेव्हा तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मी पुढे आपटले. तू शिवी दिली नाहीस. एवढंच म्हणालास, "मांगं पंधरा जीव हायत."

त्या पंधरा जिवांना सांग, मी तुला म्हणत होते. घरी, चुलीपाशी, दबक्या आवाजात, रोज. ज्यांचा जीव आपल्या हातात आहे त्यांना खरं कळायला नको? तू ऐकून घ्यायचास. मग म्हणायचास, "सांगतलं तं उद्या मी पाटलाच्या वावरात. अन् हे लोक पुन्हा वाळूत." त्याच पावसाळ्यात यवतमाळच्या वसतिगृहात मला जागा मिळाली होती. तू जा म्हणाला नाहीस, नको म्हणाला नाहीस. शाळा उघडली आणि मी संध्याकाळी डोंग्यात बसले होते. तुझा गुडघा माझ्या तळव्याखाली होता आणि मला तो साखळीसारखा वाटत होता. हे तुला कळत होतं का? मी कधी कधी थाप जरा जोरातच मारायचे.

मग मूर्तीची रात्र. वस्तीने विहार बांधला होता, आणि भगवंताची मूर्ती पलीकडून आपल्याच डोंग्यातून येणार होती. मूर्ती चादरीत गुंडाळून मधोमध ठेवली आहे, दोन्हीकडून बाया तिला धरून बसल्या आहेत. आपण अर्ध्या नदीत येतो आणि मी समोर पाहते, तर सगळा घाट पेटलेला. स्वागतासाठी घराघरातून कंदील आले आहेत, टेंभे आहेत, कुणीतरी गॅसबत्ती डोक्यावर धरली आहे. पाण्यापासून टेकाडापर्यंत नुसते दिवे. आपले दोन त्यात कुठे आहेत, कळत नाही.

तू विचारतोस, "रेघ?"

"नाई दिसत, बा."

तू डोंग्याचं तोंड धारेकडे करतोस. डोंगा जागेवर धडधडत उभा राहतो. खालच्या अंगाला खडकांवरून पाणी वाजतंय. इंजिन चालू असताना आपला आवाज काठावर पोचत नाही, आणि हळू केलं तर धार आपल्याला खडकांकडे नेते. तू माझा हात धरून सुकाणूवर ठेवतोस, सगळ्यांसमोर, आणि स्वतः इंजिनाशी वाकतोस. "मी हळू करतो. तू ओरड. एकदाच."

धडधड बसते, डोंगा मागे सरकू लागतो, आणि मी छातीतला सगळा वारा एकवटून ओरडते, "कंदील इझवा." माझी पहिली सभा ती. श्रद्धेने लावलेले दिवे, मूर्ती पाण्यावर, आणि एक पोरगी म्हणते विझवा. काठ क्षणभर तसाच. मग घाटावर एक बाई शेजारणीच्या कंदिलावर फुंकर घालते, मग पुढच्या, मग त्या पुढच्या. गॅसबत्तीपुढे ती पदर धरते. आई होती ती. एकेक दिवा जातो, आणि उरतात दोन. तू इंजिन पुन्हा वाढवतोस, मी सुकाणू वळवते, आणि खालचा कंदील हळूहळू वरच्याच्या खाली येतो.

उतरताना एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "पोरीले चांगलं दिसते," ती म्हणाली. तुझ्याकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागली. वस्तीत सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे गप्प होते. वाळूत झोपण्यापेक्षा त्यांना ते परवडत होतं. मला वाटलं, आता मी जन्माची अडकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू ठेकेदाराकडे गेलास आणि स्वतः सांगितलंस. इंजिन तुझ्याकडे राहिलं, फक्त दिवसाचं, निम्म्या मजुरीवर. रात्रीची फेरी बंद झाली. मी यवतमाळला गेले, आणि आपली माणसं पूल होईस्तोवर पुन्हा वाळूत बसू लागली. तू मला एकदाही विचारलं नाहीस, बा. ना बांधताना, ना सोडताना. माझी चीड आजही गेलेली नाही, आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला करायचं ते अजून ठरत नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक सांगते. मलाही आता संध्याकाळनंतर दिसत नाही. घरी कुणाला बोलले नाही. सभेला जाताना नातीच्या खांद्यावर हात ठेवते आणि लोकांना वाटतं, आजीची माया. तिला पुण्याला शिकायला जायचं आहे. जाऊ का, हे तिने विचारणं सोडलं आहे.

उद्या सकाळी ती चहा घेऊन येईल, माझ्यासमोर बसेल. तेव्हा बा, माझ्या गुडघ्यावर एक थाप दे.