दे म्हण

३ जुलै, गुरुवार

आजपण नाही.

निशूनं माझं मनगट धरलं आणि चकलीच्या डब्याकडे ओढत नेलं, नेहमीसारखं. मी डबा घट्ट धरून बसले. 'दे म्हण, निशू. दे.' पाच वर्षांची आहे, ऑटिझम आहे, तोंडातून एक शब्द नाही — आणि मला तिच्याकडून हा एकच हवाय. मागितलं की लगेच मिळतं, एवढं तिला कळलं की पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. पुस्तकात किती सोपं वाटतं!

ती रडायला लागली. आतून निशूच्या आजी आल्या, धोंडुबाई. तिच्या दोन्ही हातांत चकल्या देऊन मोकळ्या. 'लेकराला खायाला मागाय लावतीस व्हय गं? आमच्या घरात मागून खायाची पद्धत न्हाय.' मग माझंही ताट वाढायला निघाल्या. केसच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. तो सांगितला तर त्यांना अपमान वाटणार. म्हणून ठरलेली थाप मारली — आज उपवास आहे. आम्हा जैनांचे उपवास किती, ते त्यांना कुठे माहीत!

५ जुलै, शनिवार

बेंगळुरूहून पूर्णिमा मॅडमचा फोन. माझ्या केसवर देखरेख त्यांची. बावीस तारखेला व्हिडिओवर परीक्षा. कुणी न सुचवता, स्वतःहून, निशूनं माझ्याशी एक शब्द वापरायला हवा. नाहीतर केस अपूर्ण, एम.एस्सी. अपूर्ण आणि पुण्याच्या सेंटरमधली जागा दुसऱ्या कुणाला.

आणि मी हुपरीला, कायमची. बाबांनी स्पष्टच सांगितलंय — एवढं वर्ष, मग घरचं काम बघ. घरचं काम म्हणजे पैंजणांना घुंगरं जोडणं. वाईट नाही ते, आईनं त्यावरच आम्हाला वाढवलं. पण मला जन्मभर मान खाली घालून बसायचं नाही. नाही म्हणजे नाही. शेजारच्या तानाबाई विचारतात, 'शिकतीस काय गं नेमकं?' वर्तन विश्लेषण म्हटलं तर म्हणाल्या, 'म्हंजे येड्यांचं व्हय?' आई घाईघाईनं, 'न्हाई वो, डॉक्टरकीचंच हाय कायतरी.' मला तिथेच रडू आलं असतं.

९ जुलै, बुधवार

सापडलं!!

आईच्या कामातलं एक पैंजण पर्समध्ये टाकून नेलं होतं. सहज हलवलं — निशूनं चकली खाली टाकली. माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! पैंजण वर धरलं, थांबले. ओठ हलले तिचे. आवाज नाही, पण ओठ 'दे'चेच होते, शपथ. लगेच दिलं. पुन्हा. पुन्हा. हुपरीच्या बसमध्ये उभी राहून आले, पाय दुखले नाहीत.

१४ जुलै, सोमवार

संपलं सगळं.

दार उघडलं तर निशू छुमछुम करत घरभर पळतेय. दोन्ही पायांत चांदीचा नवा कोरा जोड. आजी कौतुकानं, 'पोरीला नाद आवडतोय म्हनून विश्वजितला हुपरीला धाडलं. तुमच्या गावातनंच आणलाय की.' विश्वजित म्हणजे निशूचे वडील. म्हशींची धार सोडून हुपरीला गेले, लेकीसाठी! आता माझ्या हातातल्या पैंजणाकडे ती कशाला बघेल? पायात असलेलं कोण मागतं?

तासभर काढून ठेवूया का, विचारलं. 'पोरीच्या पायातलं काढू? काय बोलतीस गं बाई.' माया आहे, कळतं मला. म्हणूनच चिडायचीही सोय नाही.

१७ जुलै, गुरुवार

मी आत शिरले की निशू पाठ फिरवते. तक्त्यात लिहिलं — लक्ष विचलित.

२१ जुलै, सोमवार

उद्या. काहीच हातात नाही. नाही, एक आहे. करू नये. करणार.

२२ जुलै, मंगळवार

काढली मी तिच्या पायातली पैंजणं.

आजी घरामागे परड्यात गेल्या होत्या. फासे सोडवले, निशूनं पाय ओढून घेतला नाही, नुसती बघत राहिली. कॅमेरा लावला. पैंजणं वर धरली आणि थांबले. निशूनं स्वतःचे घोटे चाचपले. मग चापट्या मारायला लागली घोट्यांवर, जोरजोरात. आणि मी थांबूनच! आता बोलेल, आता बोलेल. शेवटी मॅडमच म्हणाल्या, 'पुरे. कॅमेरा बंद करा. आधी तिचं तिला घाला.'

घालू देईना. पलंगाखाली गेली, माझा हात दिसला की किंचाळायची. आजी धावत आल्या, तिला पोटाशी घेऊन बसल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी निघून आले. केस अपूर्ण. पैंजणं माझ्या पर्समध्येच राहिली, हे बसमध्ये कळलं. चोरासारखं वाटतंय. चोरच.

२४ जुलै, गुरुवार

परत द्यायला गेले. दारातूनच देऊन पळायचं ठरवलं होतं. आजींनी पैंजणं घेतली, निशूच्या पायात घातली, म्हणाल्या, 'झालं ते झालं. बस जेवाय.' केस नाही तर नियम कसला. बसले. पहिल्यांदाच.

वांग्याची भाजी, भाकरी, मग भात. माझं काही संपायच्या आत ताटात पुन्हा येत होतं. मी दोन्ही हात ताटावर धरले — बास, आजी, खरंच बास. शेजारी निशूच्या ताटाकडे भाताचा डाव वळला. तिनं तळहात ताटावर आडवा धरला.

'बास.'

लख्ख. आजींचा डाव जागच्या जागी थांबला, भात परत पातेल्यात गेला. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

'हे कधीपासून बोलते?'

'बास व्हय? दिवाळीपासनं. जेवताना बोलती की.'

'मला सांगितलं का नाही?'

'तुला तिनं मागाय पायजेल हुतं न्हवं? हे कुठं मागनं हाय. आन तू कवा जेवलीस हितं?'

महिनोन्महिने खोटे उपवास केले मी.

घरी येऊन मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, पैंजणं काढल्याचंही. त्या म्हणाल्या, 'जेवताना ती आजीशी बोलते. तुमच्याशी बोलते का? शनिवारी दाखवा. हे शेवटचं.'

युक्ती तयार आहे. तिच्या ताटलीत चिवडा वाढत राहायचा, बास म्हणेपर्यंत. म्हणेल. म्हणायलाच हवं. नाहीतर माझं काय होईल?

२६ जुलै, शनिवार

कॅमेरा लावला. मॅडम बघत होत्या. चिवड्याचा डबा अजून उघडलाही नव्हता. निशू छुमछुम करत जवळ आली आणि तिनं तळहात माझ्या तोंडावर आडवा ठेवला.

'बास.'

स्वतःहून. माझ्याशी. सांगितलं की लगेच मिळायला हवं — मीच शिकवत होते. डबा उचलला, कॅमेरा बंद केला, बाहेर आले.

मॅडमचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.