सात घरचा अवलंबित

ब्रह्माघाट, वाराणसी
११ फेब्रुवारी २०१५

चि. लतिकेस नीलकंठकाकाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांगावेत (त्यांना मराठी कळत नाही, तरी सांगावेत). तुझा खोकला गेला का? आलं-मध घेतेस की नुसत्याच तिकडच्या गोळ्या? माझी प्रकृती, गुडघे सोडले तर, ठीक आहे. गुडघे सोडता येत नाहीत, एवढीच अडचण.

आता मला कायमचं तिकडे नेण्याच्या अर्जाचं. तुझं सांगणं पाळण्यात मी कमी पडलो नाही, जास्तच पडलो, असं हल्ली वाटतं. तू म्हणालीस, काका, तुम्ही आमच्यावर अवलंबून आहात एवढंच दाखवायचं. तुम्ही राहता आयर्लंडात, नवरा पोर्तुगालचा, आणि युरोपच्या या सगळ्या नियमांत बसवून ब्रह्माघाटावरचा एक निवृत्त संस्कृत शिक्षक जावयाचा 'अवलंबित विस्तारित कुटुंबीय' ठरायचा. (आमच्या आजोबांनी मुलीच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. असो.) अर्जात एक तक्ता होता : अर्जदाराच्या रोजच्या गरजा कोण भागवतं? जागाही ऐसपैस सोडलेली. तुला ठाऊकच आहे, पद्माकाकू गेल्यापासून नऊ वर्षं मी वार लावून जेवतो. पूर्वी वेदशाळेतले गरीब विद्यार्थी रोज एकेका ठरलेल्या घरी जेवायचे, तसा. फरक इतकाच, की ते पंधरा वर्षांचे असत आणि मी त्र्याहत्तरचा. सोमवार समोरच्या अन्नपूर्णावहिनींकडे, गुरुवार पंचगंगा घाटावरच्या दत्तात्रेय पुरोहितांकडे, रविवारी सकाळी मोहन कचौडीवाल्याकडे. मधलेही सगळे वार लागलेले. मी खरं तेच लिहिलं. सातही नावं, पत्ते, आणि कोणाकडे जेवणावर ताक असतं तेही. तुझं नाव शेवटी घातलं, 'औषधे व इतर' म्हणून. उत्तर आलं ते तू मला फोनवर मराठी करून वाचून दाखवलंस : अर्जदार सात निरनिराळ्या कुटुंबांवर आळीपाळीने अवलंबून असल्याचे तो स्वतःच सांगतो, सबब तो आपल्यावर अवलंबून असल्याचे सिद्ध होत नाही. चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासले, पण इतका अचूक शेरा मला कधी मारता आला नाही.

मग तू रडलीस, आणि मी नको ते कबूल करून बसलो. फेरविचारासाठी वीस फेब्रुवारीच्या आत सातही घरांनी लिहून द्यायचं, की आम्ही यांना जेवू घालत नाही. कचहरीतल्या वकिलानं मजकूर करून दिला आणि मी सात स्टॅम्पपेपर पिशवीत घालून निघालो. ज्या दारी नऊ वर्षं आपलं ताट मांडलं जातं, त्याच दारी जाऊन 'तुम्ही मला वाढत नाही असं लिहून द्या' म्हणायचं, ही काय हिंडायची तऱ्हा झाली? (तीही पोरांना सत्य बोलावं म्हणून घोकून घेणाऱ्या माणसानं!) दत्तात्रेय चार दिवस बोलले नाहीत, पाचव्या दिवशी पंचांग पाहून सही केली. मोहनच्या हातातला झारा तसाच राहिला. "गुरुजी, हमसे का गलती भइल?" म्हणाला. वहिनींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, डोळे पुसले आणि सही केली. मीही तेवढ्यावर सुटलो असं समजलो.

पुढच्या सोमवारी नेहमीच्या वेळी गेलो, तर वहिनी दारातच उभ्या. "भाऊजी, सही केली ना मी? आता वाढलं तर झूठ होईल." मी म्हटलं, अहो, ते सरकारपुरतं. त्यावर त्या म्हणाल्या, "गंगेच्या काठावर सही केली. सरकार कुठलं का असेना!" मंगळवारी तेच, बुधवारी तेच. सगळ्या गल्लीनं शब्द पाळायचं ठरवलेलं दिसतं. दहा दिवस मी सत्तू कालवून खातो आहे आणि बटाटे उकडतो आहे. परवा भात केला, त्याचं काय झालं ते लिहीत नाही. आता तुझ्याशिवाय मला कोणीही नाही, हे कोणत्याही साहेबानं येऊन पातेलं पाहून ठरवावं. फार दमलो आहे.

बाकी काय लिहू? तुझा, कागदोपत्री आणि पोटानंही अवलंबून असलेला,
नीलकंठकाका

ता. क. सातही कागद सोबत आहेत. उद्या कुरिअरनं टाकतो, म्हणजे मुदतीत पोचतील.

आणखी ता. क. (१६ फेब्रुवारी) पाकीट अजून टेबलावरच आहे. आज वहिनींनी जेवायला बोलावलं. त्यांनी वाट शोधून काढली : कागदात रोजच्या माणसाचं लिहिलं आहे, पाहुण्याचं नाही. माजघरात पाट, भोवती रांगोळी, चांदीची वाटी, आणि घासाघासाला आग्रह. नऊ वर्षं मी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून जेवलो, मीठ हातानं उठून घेतलं, आमटीवरून भांडलो. आजही आमटी खारट होती, पण पाहुण्यानं तसं कसं म्हणायचं? 'छान झाली' म्हणालो. वहिनींनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. मला जेवण गेलं नाही.

शेवटचं ता. क. (२४ फेब्रुवारी) मुदत चार दिवसांपूर्वी संपली. पाकीट आज टाकतो आहे. विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवलं होतं. आता एक काम कर. वहिनींना तुझ्या हातच्या दोन ओळी पाठव, की काका कुठेही जात नाहीत. मी सांगितलं तर त्या स्टॅम्पपेपर मागतात. माझ्यावर रागाव, हवं तर महिनाभर फोन करू नकोस. तू पाच वर्षांची माझ्याकडे आलीस, तेव्हापासून तुला कशालाही नाही म्हणणं मला जमलेलं नाही. आज पहिल्यांदा म्हणतो आहे, तेही तारीख उलटून गेल्यावर.