सरोजचा पहिला तास

मंगळवार, १६ नोव्हेंबर २००४

"तुला काही सांगायचं म्हणजे धास्ती वाटते गं," सातवीत असताना नंदा मला म्हणाली होती. सगळ्या वर्गासमोर. आज चौमूंहून मुरलीपुऱ्याला घरी येईपर्यंत बसमध्ये तेवढंच आठवत होतं.

सरोज वाचनालयात आली नाही. मला वाटलं दिवाळीची पाहुणेमंडळी असतील. ग्रंथपाल व्यासजी पेपर काठीला लावत होते. मान वर न करता म्हणाले, "अब नहीं आएगी वो, बहनजी. आपका लेख उसके ससुरजी ने पढ़ लिया."

मी म्हटलं, पण ते मराठीत आहे.

"अक्षर तो वही हैं."

लेख छापून आलेला तो दिवाळी अंक मीच वाचनालयाला दिला होता. सही करून. कौतुक व्हावं म्हणून, आणि कुणाला कळणार नाही म्हणूनही. दोन्ही एकदम.

बुधवार, १७

लेख पुन्हा वाचला. चांगला झालाय. हेच जास्त वाईट.

सगळं आहे त्यात. ह्यांच्या ऑफिसची शाखा चौमूंला, म्हणून मंगळवारी-शुक्रवारी मी बरोबर जाते आणि ऑफिस सुटेपर्यंत वाचनालयात लिहीत बसते, हे. व्यासजींच्या खणातले तीन चष्मे, ज्याला दिसत नसेल त्याने घ्यावेत. भिंतीवर डकवलेल्या नोकरीच्या जाहिराती. फॉर्म भरून घ्यायला आलेली माणसं. दोन ते चार महिलांची वेळ. आणि 'कमला', गृहविज्ञानाचं पुस्तक उभं करून, ओढणी नाकापर्यंत ओढून त्याच्याआड झोपणारी.

नाव बदललं. पिठाची चक्की ठेवली. कानामागे राहिलेलं पीठ ठेवलं. त्याशिवाय गंमत नव्हती. चौमूंत चक्क्या पुष्कळ, पण जिथली सून वाचनालयात येते अशी एकच.

"यहाँ आवाज नहीं आती जी चक्की की," असं ती म्हणाली होती. मला एकटीला. तेही छापलं.

शुक्रवार, १९

सरोजचे सासरे तीन सकाळी येऊन वाचत होते म्हणे. खणातलाच चष्मा लावून, एकेक शब्द बोट ठेवून. "मुझसे 'झोप' का मतलब पूछा," व्यासजी म्हणाले. "मैंने कहा, मालूम नहीं." पेपरांची चळत सारखी केली. मग, "किसी और से पूछ लिया होगा."

व्यासजींनी माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी खोटं सांगितलं. तीन वर्षांत त्यांनी कुणाचं काही बाहेर सांगितलंय असं मला दिसलेलं नाही. ती झोपली की ते पंखा कमी करायचे, फडफड नको म्हणून.

एक गोष्ट मात्र व्यासजींना सासऱ्यांपुढे सांगता आली नाही; अर्थ माहीत नाही म्हटल्यावर कशी सांगणार? ती एकच तास झोपायची. तीनला व्यासजी टेबलावर टकटक करत, आणि मग चारपर्यंत मान खाली घालून अभ्यास. बी.ए.चं दुसरं वर्ष, बाहेरून, मार्चमध्ये परीक्षा. तो दुसरा तास माझ्या कच्च्या खर्ड्यात होता. मी काढला. तिथे लेख ढिला पडत होता.

रविवार, २१

ह्यांना सांगितलं. "काल्पनिक आहे म्हण. लेखकांना चालतं ते."

केतकी बारावीचा अभ्यास सोडून ऐकत होती. "आई, तिला विचारलं होतं का तू? मतलब, लिहायच्या आधी?"

मी भाजी परतत राहिले. विचारायला हवं होतं.

मंगळवार, २३

चक्कीवर गेले. सासऱ्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. माझ्या अंगावर ओरडतील अशी तयारी करून गेले होते, त्या चहाची नव्हती.

"सोना ही है तो घर है न, मैडमजी. घर में पलंग नहीं है क्या?"

दुसऱ्या तासाचं सांगितलं. मी गाळला, माझी चूक, असंही. त्यांनी गिऱ्हाइकाचं पीठ भरून दिलं. मग, "ठीक है. तीन से चार आ जाएगी. आप लिखने-पढ़नेवाली हो, झूठ थोड़ी कहोगी."

जिंकल्यासारखी बाहेर पडले. बसमध्ये खिडकीची जागाही मिळाली. शेजारी बसलेल्या ह्यांना रंगवून सांगितलं. रंगवून.

शुक्रवार, २६

तीनला आली. पुस्तक आडवं, सपाट. माझ्याकडे पाहिलं नाही. वीस मिनिटांत डोळे मिटले आणि स्वतःच दचकून जागी झाली, दाराकडे बघितलं. मग ओढणीच्या टोकाला पाणी लावून डोळे पुसत राहिली.

चारला जिन्यात गाठलं. म्हटलं, माफ कर.

"माफी छोड़ो जी. पढ़ाई तो कहीं भी कर लूँगी. छत पे, रसोई में, बच्ची को थपकते-थपकते. सोऊँ कहाँ?"

पहाटे पाचला चक्कीचा पट्टा चढतो. रात्री भांडी शेवटी तिचीच. दुपारी सुनेनं आडवं व्हायचं नाही.

म्हणजे मी सोडवून आणला तो तास तिला नकोच होता.

या वेळी विचारलं. सासऱ्यांशी परत बोलू का? यानं हाही तास जाईल कदाचित, हेही सांगितलं. ती एक पायरी उतरून थांबली. "पूछ लो. ना ही बोलेंगे." मग हसली थोडी. "पर लेख मत बनाना, बहनजी."

सोमवार, २९

हे म्हणतात, आहे तेही घालवशील. असेल. सरोजला माहीत आहे, तिनं हो म्हटलंय, एवढंच माझ्या हातात.

वाक्य पाठ करतेय. माझं हिंदी घाबरले की मराठी होतं. 'नाही' हे उत्तरही ऐकू येतंय, स्टूल पुसून, चहा मागवून दिलेलं. तरी उद्या चक्कीवर जाऊन एवढंच म्हणायचं, मध्ये थांबायचं नाही:

बाबूजी, बहू को दो बजे भेज दीजिए. पढ़ने के लिए नहीं. घंटा भर सोने के लिए.