रेशनकार्डावरचं नाव

दार्सैत, मस्कत

ती. दादा,

तू रेशनकार्डावरून माझं नाव कमी केलंस, हे वहिनीकडून कळलं. बावीस वर्षं मी इथे एसी दुरुस्त करतोय, तेव्हा नियमानं ते बरोबरच आहे. तरी आठवडाभर तुझा फोन उचलला नाही.

काल आमच्या आयरिश साहेबाला हे सांगितलं. तो म्हणाला, पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे बटाटा शेतातच कुजला. दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त बोटीनं परदेशी गेली. अमेरिकेला निघालेला परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आदल्या दिवशी घरात मयताला जमावेत तसे लोक जमायचे. जाणारा मध्ये बसलेला आणि त्याची आई त्याच्यासाठी रडतेय.

आपल्या आईनं हसून हातावर दही घातलं होतं. दोन वर्षांत कायमचा परत येतो म्हणालो, ते तिनं खरं मानलं. मीही मानलं.

आज पुन्हा दोन वर्षांच्या करारावर सही केली, दादा. हे पत्र पाठवायचा धीर नाही. पण गणपतीला येईन, तेव्हा परतताना दही देऊ नका. सगळे बसून एकदाचं माझ्यासाठी रडून घ्या. मी समोरच बसतो.

तुझा,
जनार्दन