अक्काची गोधडी

बंगळूर, १६ डिसेंबर १९५९

तीर्थस्वरूप अक्कास, दुरूनच तुझ्या पायांवर डोके ठेवतो.

रविवारी सकाळी पूजा आटोपून कारखान्याच्या क्लबात गेलो. बुद्धिबळाचा पट काढायला कपाट उघडले, तर आत तुझी गोधडी! आईच्या लुगड्याची हिरवी किनार लगेच ओळखली.

आठवड्यापूर्वीच येलहंक्याच्या वृद्धाश्रमात कारखान्याच्या साहेबांच्या हस्ते ती तिथल्या गोजराबाईंना दिली होती. क्लबाचा चिटणीस उमाकांत माझा दहा वर्षांचा मित्र. त्याच्याच शब्दावर मी ती दानासाठी तुझ्याकडून मागवली होती.

विचारले तर हसला. "अहो हरिभाऊ, फोटो झाला की पांघरुणे परत आणतो आपण. पुढच्या वर्षी लागतात ना!"

"आणि त्या म्हातारीची थंडी?"

"तुम्ही फारच मनाला लावून घेता."

माझी प्रकृती ठीक आहे, फक्त जेवण जात नाही. तुझा गुडघा कसा आहे?

काल क्लब सोडला. कपाटातली सगळी पांघरुणे टांग्यात घालून आश्रमात नेली. गोधडी अंगावर घालताच गोजराबाईंनी विचारले, "अण्णा, परत न्यायला कधी येणार?"

म्हटले, "आता कोणी येणार नाही."

तुझा धाकटा,
हरी