ताईचा पेन ड्राइव्ह

प्रिय चिंगे,

मी समोर आले की तू मास्कच्या आतून काहीतरी बोलायला जातेस, तुला धाप लागते आणि नर्सबाई माझ्यावरच डाफरतात. म्हणून बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षराला हसू नकोस, इस्त्री धरून धरून बोटं आखडलीत.

आज लाँड्रीत दोन चादरी करपवल्या. मालकांनी त्या गुपचूप घडी करून बाजूला ठेवल्या, तेच जास्त लागलं. धाकटी बरी आहे. तुझा निळा स्वेटर घालून झोपते. तिला सगळं तुझंच हवं असतं, चालणंसुद्धा तुझंच उचललंय.

मला राहून राहून हसू येतं गं, आणि मग रडू. आख्खा जन्म दुसऱ्यांच्या कपड्यांत गेला. नुसती कॉलर हुंगून सांगते, कोण काय खाऊन आलं. आणि माझ्याच पोरीच्या शर्टाला स्ट्रॉबेरीचा वास यायला लागला, तर मला वाटलं, चला, बाईसाहेब टापटीप राहायला लागल्या! तुझ्या जीन्सच्या खिशात ते गुलाबी नळकांडं सापडलं तेव्हा तू म्हणालीस, पेन ड्राइव्ह आहे, शाळेचा प्रोजेक्ट आहे त्यात. झालं! धुण्याआधी आठवणीने काढायचे, पुसून तुझ्या दप्तरात ठेवायचे. दिवा लुकलुकला तर चार्जिंगलासुद्धा लावायचे. कौतुकाने!

काल डॉक्टरबाईंनी एक्स-रे दाखवला. मला त्यातलं काय कळणार? पण छातीत एवढं पांढरं दिसायला नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या रागावल्या नाहीत. त्याही दमल्यात. म्हणाल्या, ते पेन ड्राइव्ह नाही, व्हेप आहे; सिगारेट थोडीच आहे, नुसती वाफ तर आहे, असं समजून मुलं ओढतात, चटक लागते आणि आत फुप्फुसं सुजतात. पलीकडच्या खोलीतही अशीच एक शाळकरी मुलगी आहे. शाळेसमोरच्या दुकानात चॉकलेटच्या बरणीशेजारीच ही नळकांडी विकतात म्हणे. मी साबण तिथूनच आणते. भांडायला जाणार होते, पण अंगात त्राण नाही गं.

धाकटीला इथे आणू नकोस, असं तू हाताने खुणावलंस. मला साधा ताप आहे असं तिला सांग, असंही. मी तसंच सांगितलं. आज तिचा गणवेश धुवायला घेतला आणि त्यालाही स्ट्रॉबेरीचा वास आला. खिशात तसलंच नळकांडं, फक्त हिरवं. विचारलं तर म्हणाली, पेन ड्राइव्ह आहे, ताईसारखा. मी ओरडले, रडले, हातापाया पडायची बाकी राहिले. ती ढिम्म. उलट मलाच म्हणते, ताईला कुठे काय झालंय, नुसता ताप तर आहे. म्हणून उद्या तिला घेऊन येतेय. माझ्यावर चिडलीस तरी चालेल. पण बाळा, ती आली की हसू नकोस. मास्क काढून बरी असल्याचं सोंग करू नकोस. तुला श्वास घ्यायला जेवढा त्रास होतोय, तेवढा तिला बघू दे.

तुझीच,
आई