पुलाच्या अलीकडे

रविवार, ७ मार्च
दुपार

ताई,

साष्टांग नमस्कार घालायचा तर माझे गुडघे कुरकुर करतात, तेव्हा हा उभ्याउभ्याच घे. नाना कसे आहेत? भलत्या वेळी दार उघडून बाहेर जायची त्यांची सवय गेली का? मागच्या पत्रात तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, म्हणजे गेली नसणार.

इकडे सगळं ठीक. कवळ्यांना मरण नाही. या आठवड्यात अकरा केल्या. त्यातली एक, निवृत्त न्यायाधीशांची, चार वेळा परत आली. दात जरा जास्तच हसरे वाटतात म्हणे!

माझ्या खेळाची तू टिंगल करणार, तरी सांगतोच. यंदा मी ती पुलावरची लढाई मांडली. नानांच्या जाडजूड पुस्तकातून तू मला वाचून दाखवायचीस, तीच. हरलेलं सैन्य नदीपलीकडे जातंय, जखमींच्या गाड्या पुलावर अडकल्यात, आणि पिछाडीला दोनशे माणसं शत्रूला थोपवून धरतात. टेबलावर षटकोनी घरं आखली, नदी रंगवली. शिपाई कवळीच्या उरलेल्या गुलाबी मसाल्यातून ओतले. एक शिपाई म्हणजे वीस माणसं. सगळ्यांचे चेहरे हिरड्यांच्या रंगाचे झालेत, पण लांबून बरे दिसतात.

शत्रू म्हणून समोर आमचे शेजारचे निवृत्त पोस्टमन. फासे टाकायचे, कोण किती घरं मागे हटलं ते तक्त्यात बघायचं. नियम मीच लिहिले होते: आठ फेऱ्यांत सगळ्या गाड्या पार झाल्या की पिछाडी जिंकली.

आज जिंकली. आठव्या फेरीत शेवटची गाडी पलीकडे गेली आणि मी टाळी वाजवली. पोस्टमन हलेनात. पुलाच्या अलीकडे उरलेल्या माझ्या चार शिपायांकडे बघत म्हणाले, "आता ह्यांना 'परत या' म्हणून कोण सांगणार?"

"अहो, खेळ संपला की!"

"तुमचा संपला. ह्यांच्यासमोर माझी अख्खी फौज उभी आहे. तुमचा निरोप्या कुठाय?"

मी गाड्यांची चाकंसुद्धा एकेक करून कोरली होती, ताई. निरोप्या केलाच नव्हता. मग पुस्तक उघडलं. मला सगळं पाठ, म्हणून स्वतः कधी वाचलंच नव्हतं. तू सांगायचीस, गाड्या पार झाल्यावर सेनापतीने स्वार पाठवला आणि सगळे घरी आले. पुस्तकात तसं नाही. सेनापतीने शब्द दिला होता, पण स्वार पाठवायचा राहून गेला. एवढी एकच ओळ आहे. मी रडेन म्हणून तू ती बदलत होतीस, हो ना?

"गरज सरो नि वैद्य मरो," एवढं बोलून पोस्टमन चहा न घेताच गेले. त्यांना काय ठाऊक, कुणाला बोलले ते. मी मघापासून तिथेच बसलोय.

घर सोडून इकडे यायला निघताना फाटकापाशी मी तुला म्हटलं होतं, "दोन वर्षं दे. माझा जम बसला की नानांना मी नेतो, तू नकाशा खात्यात रुजू हो." नेमणुकीचं पत्र तुझ्या हातात होतं. त्याला नऊ वर्षं झाली. तू एकदाही आठवण करून दिली नाहीस, आणि मागत नाही म्हणजे तिला नकोच असेल, अशी मी माझ्या सोयीची समजूत करून घेतली. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

जम तिसऱ्याच वर्षी बसला होता. दर पत्रात मी जागेची रड गायलो. जागा लहान नाही गं. मागे हवेशीर खोली आहे, पूर्वेला खिडकी आहे. हे सात फुटी टेबल त्याच खोलीत आहे.

फार लाज वाटते. ते पद आता मी तुला कुठून आणून देऊ? "नकाशे काय, घरी बसूनही काढता येतात," असं तू एकदा गमतीने लिहिलं होतंस. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस निर्धास्त राहिलो.

टेबल मोडतोय. शुक्रवारच्या गाडीने निघतो, शनिवारी सकाळी पोचेन. नानांच्या गोळ्यांच्या वेळा, आंघोळीला कसं तयार करायचं, कशाने चिडतात, सगळं एका कागदावर लिहून ठेव. ते इकडे यायला तयार झाले तर घेऊन येईन. नाही झाले तर मीच तिथे राहीन. म्हातारी तोंडं सगळीकडे आहेत, कवळ्या तिथेही लागतील. तू मात्र निघायचंस. कुठे, ते मला सांगायलाच हवं असं नाही.

चिडायचं असेल तर दारातच चिड, मला आत घेण्याआधी. नानांनी ओळखलं नाही तर मी समजून घेईन. तू ओळख दाखव, एवढंच.

सात वर्षं उशिरा निघालेला,
तुझा धाकटा